झटक्याआधीचा आवाज

लिफ्टवाल्यांना झटका आला तो लिफ्टमध्ये नाही, घरी, दाढी करताना. चौतीस वर्षं हा माणूस बारा-बारा मजली इमारतींत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोर, कप्प्या आणि ब्रेक तपासत होता. तेव्हा केसालाही धक्का लागला नाही. निवृत्त होऊन चार महिने होताहेत तोच आरशासमोर उजवा हात लुळा पडला, रेझर बेसिनमध्ये पडला आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. त्यांनी बायकोला हाक मारली. म्हणजे मारायला गेले. पलीकडच्या खोलीत तिला हाक काही ऐकू आली नाही, नळाचा आवाज तेवढा आला. नळ चालू ठेवून कुठे गेलात, असं करवादत ती आली आणि दारातच थबकली.

या शहरातल्या मराठी मंडळींत ते लिफ्टवाले म्हणूनच ओळखले जात, आणि त्यांची बायको सरसकट सगळ्यांची वहिनी. छत्तीस वर्षांपूर्वी दोघं इथे आली. वहिनी कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात काम करतात. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कुणाचं पोट सुटलं की कमरेची शिवण सैल करून द्यायची. काम बारीक आणि नजर पक्की. चूक दिसली की त्यांना राहवत नाही, मग ती टाक्यातली असो की बोलण्यातली.

अँब्युलन्स वेळेत आली, इंजेक्शन वेळेत मिळालं. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पाय आठ दिवसांत चालू लागला, हात महिन्याभरात पेला धरू लागला. तोंड मात्र आलं नाही. समजत सगळं होतं, शब्दही आठवत होते, पण जीभ, ओठ आणि श्वास या तिघांचं आपापसात पटेनासं झालं होतं. तीन शब्द झाले की दम संपायचा. चौथा नुसत्या वाऱ्यासारखा तोंडातून निघून जायचा. एकेकाळी ज्यांचा आवाज खालच्या खड्ड्यातून वर मशीनच्या खोलीतल्या जोडीदाराला सहज ऐकू जायचा, त्यांना आता बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात हाक ऐकवता येईना. वहिनींनी त्यांच्या हाताशी एक चमचा ठेवला. काही हवं असलं की ते चमच्याने टेबल वाजवत.

हॉस्पिटलने बोलण्याच्या उपचारासाठी बारा बैठका मंजूर केल्या, आठवड्याला एक. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते येतं. नंतर हाती असेल त्यावर भागवावं लागतं. त्यातला दीड महिना तर हॉस्पिटलच्या खाटेवरच गेला होता.

नशीब एवढंच, की हॉस्पिटलच्या यादीत मराठी बोलणारी एक स्पीच थेरपिस्ट निघाली. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, तीन वर्षांपूर्वीच इकडे आलेली. बोलणं अजून न धुतलेल्या कापडासारखं करकरीत. तिची खोली लहान होती. टेबलावर एक आरसा, कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर उभा कापलेल्या तोंडाचं चित्र आणि त्यात गुलाबी जीभ. वहिनींनी त्या चित्राकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतली.

पहिल्या बैठकीत मुलीने लिफ्टवाल्यांकडून शब्द म्हणून घेतले, आकडे मोजून घेतले, घरचा पत्ता सांगायला लावला. ऐकता ऐकता ती कागदावर खुणा करत होती. ओठ मिटून म्हणायचे प, ब, म ढिले पडत होते. श्वास तिसऱ्या शब्दाला संपत होता. आणि ळ तर एकही नव्हता. 'वेळ'ची वेल, 'डोळे'चे डोले. भ आणि धसुद्धा बोथट. शेवटी तिने खुर्ची वहिनींकडे वळवली आणि विचारलं, "काकू, काका आधी कसे बोलायचे? यातलं झटक्याने काय झालंय आणि आधीपासूनचं काय आहे, ते मला कळायला हवं."

"अगदी स्वच्छ बोलायचे," वहिनी क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "ऐकत राहावं असं."

"ळसुद्धा?"

"ळसुद्धा. हे सगळं झटक्यानेच गेलं."

लिफ्टवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. चेहऱ्याची एक बाजू हलतच नव्हती, त्यामुळे त्यांना काय म्हणायचंय ते कळायला मार्ग नव्हता. आणि ते तीन शब्दांत मावणारंही नसावं. मुलीने फॉर्मवर लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर लिफ्टवाल्यांचा ळ जाऊन तीस वर्षं झाली होती.

तो काही एका दिवसात गेला नाही. दिवसाचे नऊ-दहा तास इथल्या भाषेत जायचे, आणि इथल्या भाषेला ळ ठाऊक नाही. संध्याकाळी घरी आलं की जीभ दमलेली. तिला टाळूपर्यंत मागे वळायचा कंटाळा येऊ लागला. आधी घाईत असताना ळ सुटायचा, मग निवांत असतानाही सुटू लागला. त्याच्या मागोमाग भ आणि ध यांच्यातला जोर गेला. मग वाक्याची चाल बदलली. इथल्या लोकांसारखी शेवटी जराशी वर उचलली जाऊ लागली, सांगतोय की विचारतोय ते कळू नये अशी. लिफ्टवाल्यांना यातलं काही जाणवलं नाही. आपलं बोलणं आपल्याला नेहमी काल होतं तसंच ऐकू येतं.

जाणवलं ते भाऊजींना. भाऊजी म्हणजे लिफ्टवाल्यांचे थोरले भाऊ, तिकडे हायस्कूलचे हेडमास्तर, शुद्ध बोलण्याच्या बाबतीत जन्माचे हट्टी. इकडे येऊन नऊ वर्षं झाल्यावर ही दोघं लेकीला घेऊन सुट्टीत घरी गेली, तेव्हा रात्रीची जेवणं आटोपून सगळं घरदार बसलं असताना भाऊजींनी धाकट्याला समोर बसवलं आणि म्हणाले, म्हण बघू, काळ्या फळ्यावर पांढरी ओळ. त्याने म्हटलं. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. भाऊजींनी पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. लिफ्टवालेसुद्धा हसत होते. माणूस मोकळ्या मनाचा, त्यांना त्यात गंमतच वाटली असावी, असं तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं. वहिनींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकलेला, कमावता नवरा पोरासोरांपुढे पोपटासारखा बोलवला जातोय, हे त्या विसरल्या नाहीत.

तेव्हापासून रविवारचा फोन वहिनी उचलू लागल्या. भाऊजी दर रविवारी सकाळी ठरल्या वेळी फोन करत, आणि पहिली घंटा वाजते न वाजते तोच वहिनी रिसीव्हर कानाला लावत. सगळ्यांची खुशाली, लेकीचे मार्क, हवापाणी, ह्यांचं काम, ह्यांचा गुडघा, ह्यांना मिळालेली बढती, सगळं त्याच सांगत. शेवटी 'घ्या, ह्यांच्याशी बोला' म्हणून फोन पुढे करत, तोवर बोलायला काही उरलेलं नसे. लिफ्टवाले 'हो', 'बरं आहे', 'ठेवतो' एवढं म्हणत. त्या तिन्हींत ळ नाही. धाकटा परदेशात जाऊन घुमा झाला, असा तिकडे समज झाला, आणि वहिनींनी तो होऊ दिला. हाच घुमा माणूस कामावर जोडीदारांना जेवणाच्या सुट्टीत अर्धा-अर्धा तास किस्से सांगून हसवायचा, पण ते ऐकायला तिकडचं कोणी नव्हतं.

स्वतःच्या मराठीबद्दल वहिनींना शंका नव्हती. त्यांचा ळ शाबूत होता, आणि त्या सगळ्यांना त्या एका ळवरून जोखत.

म्हणून थेरपिस्ट मुलीने विचारलं तेव्हा त्या जे बोलल्या, ते त्यांना खोटं वाटलंच नाही. उलट झटक्याने एक सोय करून ठेवली होती. आता नवऱ्याच्या प्रत्येक वेड्यावाकड्या उच्चाराला कारण होतं, तेही डॉक्टरी, ज्याच्यावर कोणी हसू शकत नव्हतं. पहिल्याच रविवारी त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला, आणि भाऊजी 'वेल लागेल' एवढे दोन शब्द ऐकताच हळहळले. अरे, काय सुंदर बोलायचास रे तू, असं ते म्हणाले. वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना खरंच बरं वाटलं.

पुढचे सहा आठवडे मुलगी ळच्या मागे लागली. जिभेचं टोक वर, मागे, टाळूला, आणि मग सोडायचं. बाळ, काळा, शाळा, ओळ. लिफ्टवाले आरशासमोर बसून जीभ वळवत आणि त्यांच्या कपाळावर घाम येई. माणूस मेहनती. पाचव्या बैठकीला त्यांच्या तोंडून 'शाळा' असा शब्द निघाला, स्वच्छ, हेडमास्तरांनी पाठ थोपटावी असा. मुलीने टाळ्या वाजवल्या. रविवारी तो शब्द भाऊजींना ऐकवण्यात आला, आणि तिकडे जाऊबाईंनी सगळ्या घराला बोलावून आणलं. पण 'मला शाळा' एवढं म्हटल्यावर पुढचा शब्द वाऱ्यावर जायचाच. ळ येत होता आणि वाक्य येत नव्हतं. टेबलावरचा चमचा अजून वाजत होता.

सातव्या बैठकीला मुलगी कोड्यात पडलेली दिसली. तिने लिफ्टवाल्यांना जीभ बाहेर काढायला लावली, गालात दाबून धरायला लावली, स्वतःच्या बोटाने ढकलून पाहिली. मग म्हणाली की जीभ चांगली मजबूत आहे, एवढी मजबूत जीभ असताना ळ जायला नको होता. कमजोर आहेत ते ओठ आणि श्वास. झटक्याआधीचं एखादं रेकॉर्डिंग मिळेल का? लग्नातलं, वाढदिवसाचं, कसलंही, काका बोलताहेत असं.

बघते, असं वहिनी म्हणाल्या. बघितलं नाही. आठव्या बैठकीला सांगितलं की शोधतेय.

शोधलं ते लेकीने. लेक लग्न होऊन दोन तासांच्या अंतरावर राहते. थेरपिस्ट मुलीने फॉर्मवर तिचाही नंबर लिहून घेतला होता आणि रेकॉर्डिंगचं तिलाही विचारलं होतं. लेकीने आपल्या जुन्या वह्यांच्या खोक्यातून एक कॅसेट काढली. दहा वर्षांची असताना शाळेने सांगितलं होतं, घरच्या भाषेत आईवडिलांची मुलाखत घ्या. तिने ती फोनवर उतरवून आईला पाठवली. खाली लिहिलं, तू आधी ऐक, मग थेरपिस्टला दे.

वहिनींनी ती दुकानातल्या ट्रायल रूममध्ये, पडदा ओढून ऐकली. तिथे एक स्टूल होतं आणि समोर आरसा. कानात इअरफोन घातल्यावर आधी नुसती खरखर, मग लेकीचा लहानपणीचा आवाज: बाबा, लिफ्ट वर कशी जाते?

आणि मग लिफ्टवाले बोलू लागले. "अगं, लिफ्ट वर जाते म्हणजे पलीकडून तेवढ्याच वजनाचा एक ठोकला खाली येतो, म्हणून ती वर जाते. मोटारीला वाटतं सगलं आपणच उचललं, पण अर्धं काम त्या ठोकल्याचं असतं, आणि तो बिचारा भिंतीआड, त्याला कोणी कधी बघत नाही." हे एका दमात. मध्ये कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही, आणि बोलण्यात हसू असं भरलेलं की कुठल्याही शब्दावर सांडेल. वहिनींनी हात तोंडावर धरला. हा आवाज त्या साफ विसरल्या होत्या. गेले दोन महिने त्या ळ गेला, ळ गेला म्हणत होत्या, आणि गेलं होतं ते हे.

त्यावर एक बाई मागून बोलली. "ठोकला नाही हो, ठोकळा. आणि सगळं. मुलीला काहीतरी चांगलं शिकवा."

ही कोण बाई, असा वहिनींना खरोखर प्रश्न पडला. तिचा ळ ठणठणीत होता. पण 'चांगलं' म्हणताना तिने चहातला च लावला होता, चाकातला नव्हे, आणि वाक्याचं शेपूट इथल्या बायकांसारखं वर उचललं होतं. वहिनींनी तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला. मग ट्रायल रूममध्ये हळूच स्वतःशी म्हणून पाहिलं, चांगलं. पुन्हा तोच चहातला च. पडद्याबाहेरून गिऱ्हाइकाने विचारलं, आत कोणी आहे का?

त्या दिवशी त्यांनी एका पँटीचा एक पाय दोन बोटं आखूड केला. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालकीणबाईंनी पँट उचलून ठेवली.

कॅसेट देणं म्हणजे काय, ते वहिनींना पुरतं कळत होतं. ती ऐकली की मुलीला कळणार होतं की ह्या बाईने पहिल्याच दिवशी तोंडावर खोटं सांगितलं. ते एक वेळ चाललं असतं. पण खोलीत नवरा बसलेला असणार होता. तुमचं बोलणं तीस वर्षं असंच होतं आणि मला त्याची लाज वाटायची, हे त्याच्यासमोर म्हणावं लागणार होतं. आणि नाही दिली, तर उरलेल्या चार बैठकाही जीभ वळवण्यात जाणार, आणि मग जन्मभर तीन शब्द आणि चमचा. दोन आठवडे तर त्यांनी 'शोधतेय' म्हणत स्वतःच वाया घालवले होते. लेकीला सांगता आलं असतं की कॅसेट नीट वाजत नाही. हा विचार त्यांनी दोन दिवस केला, ही गोष्टही इथे लिहून ठेवायला हवी.

नवव्या बैठकीला त्यांनी पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला आणि आधी बोलून घेतलं. ऐकवल्यानंतर बोलायचा धीर झाला नसता.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," त्या मुलीला म्हणाल्या. "ह्यांचा ळ झटक्याने नाही गेला. खूप वर्षांपूर्वी गेला. आमच्या घरी हसले होते ह्यांना, तेव्हापासून मला ते... मला सांगायचं नव्हतं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. फोनवर बोट दाबलं. ठोकल्याची गोष्ट खोलीत वाजली, मागून ती बाई बोलली, लेक खुदकन हसली, आणि खरखर सुरू झाली.

मुलीने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, तुमच्या बोलण्यातही मला थोडं जाणवलं होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, मोठ्या माणसांना असं कसं विचारायचं."

"विचारायचं होतंस."

"हो. चुकलंच माझं."

एकीने लाजेपोटी सांगितलं नाही आणि दुसरीने भिडेपोटी विचारलं नाही. आठ बैठका या दोन सभ्य बायकांच्या मध्ये पडून गेल्या. लिफ्टवाले मात्र दोघींकडे लक्षच देत नव्हते. त्यांनी डाव्या हाताने फोन स्वतःकडे ओढला.

"परत लाव," ते म्हणाले.

वहिनींनी परत लावलं. या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते, आणि ठोकला भिंतीआड गेला तिथे त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. दुसरीही हसायला गेली असावी, कारण गालाचा स्नायू जरासा उडाला. मागच्या बाईबद्दल ते काही बोलले नाहीत. घरी जातानाही बोलले नाहीत. वहिनी वाटभर वाट पाहत होत्या की आता काहीतरी म्हणतील, रागावतील, निदान पाठ फिरवतील. त्यांनी रस्ता ओलांडताना नेहमीसारखा वहिनींचा दंड धरला, एवढंच.

मुलीने त्या दिवशीच कागद बदलला. ळ खोडून टाकला. पाण्याच्या पेल्यात नळी घालून फुंकायचं, पाण्याला बुडबुडे येत राहिले पाहिजेत, दहापर्यंत. ओठांत कागद धरून ठेवायचा, तिने ओढला तरी सुटता कामा नये. आणि एका श्वासात मोजायचं. काय मोजायचं ते तिने लिफ्टवाल्यांवर सोपवलं, आणि त्यांनी मजले निवडले. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. नवव्या बैठकीला लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरच अडकली. घरी सकाळ-संध्याकाळ सराव व्हायचा. वहिनी समोर बसून बोटांवर मोजत आणि तोंडातून अक्षरही काढत नसत; उच्चार कसाही आला तरी नाही. हे त्यांना सोपं गेलं असेल असं कुणी समजू नये. दहाव्या बैठकीला तिसरा मजला आला. अकराव्याला चौथा आला आणि पुढे हलेना. बाराव्या बैठकीत ते सहाव्यावर पोचले, तिथे जरा थांबले आणि त्याच श्वासाच्या शेपटावर म्हणाले, दार उघडा.

मुलगी हसली. तिने शेवटचा कागद भरला आणि म्हणाली की रोजचं वाक्य सहा-सात शब्दांचं असतं, एवढ्यावर माणूस बोलू शकतो, सराव मात्र सोडू नका. वहिनी निघताना दारात थांबल्या. आधीपासून हेच केलं असतं तर आणखी आलं असतं का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणणं सोपं होतं. मुलगी म्हणाली की थोडं आलं असतं कदाचित, नक्की सांगता येत नाही. वहिनींनी मान हलवली. त्या 'थोड्या'चं ओझं आता त्यांनाच वाहायचं होतं, आणि ते त्यांना मान्य होतं.

त्यानंतरच्या रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. वहिनींनी उचलला. भाऊजी, ह्यांच्याशी बोला, एवढंच म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. जवळ उभं राहिलं असतं तर तोंड उघडलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. कट्ट्यावर चहाची भांडी पडली होती. नळ सोडला तर काही ऐकू आलं नसतं, म्हणून त्यांनी तो सोडला नाही.

भाऊजींनी सुरुवात नेहमीसारखीच केली. काय म्हणतोय आमचा ळ?

"दादा, तो ळ झटक्याने नाही गेला," लिफ्टवाले म्हणाले. या वाक्यातला सुटा ळ सरावाचा होता, म्हणून नीट आला. त्यांनी श्वास घेतला. "तीस वर्षं झाली त्याला. मागेच गेला." पुन्हा श्वास. "आता मी त्याच्या मागे लागनार नाही. वेल फुकट जातो."

बऱ्याच दिवसांनी इतकी मोठी मजल मारल्यामुळे णसुद्धा सैल पडला होता. मग भाऊजी चाचरत म्हणाले की अरे, पण ती तर म्हणाली होती...

"ती माझी अब्रू सांभालत होती."

स्वयंपाकघरात वहिनींनी कट्ट्याची कड धरली. एवढ्यावर सुटलो, असं त्यांना वाटलं. पण भाऊजी मास्तर होते, एक प्रश्न विचारून गप्प बसणारे नव्हते. त्यांनी विचारलं, या वेळी थट्टेचा सूर नव्हता, की मग इतकी वर्षं फोनवर बोलायचास का नाहीस? आम्हाला वाटायचं, तुला आमच्याशी बोलायचंच नाही. आई जाईपर्यंत म्हणायची, धाकटा माझ्याशी बोलत नाही.

लिफ्टवाले बोलायला गेले. दोन श्वास नुसतेच गेले.

"मी बोललो की तुम्हाला हसू यायचं," ते म्हणाले. "आणि तिला लाज वाटायची." श्वास. "मला दोन्ही दिसायचं, दादा. म्हणून गप्प बसायचो."

हे त्यांनी वहिनींना इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. आताही ते वहिनींना म्हणत नव्हते. आवाज खाली आणून, भावाशी खासगीत बोलावं तसं बोलत होते. साडेचार महिने त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता, आणि आता तो पोचतो हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. वहिनी कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुढचं सगळं ऐकलं.